दर शनिवारी एक भांडं

खापरीच्या मेट्रो स्टेशनवर माझ्या बॅगेतून बत्ता निघाला, तेव्हा शनिवारचे तीन वाजले होते आणि माझ्यात भांडायचीही ताकद उरली नव्हती.

"हे काय आहे मॅडम?" सिक्युरिटीच्या बाईंनी तो हातात तोलून विचारलं. चांगला वीतभर लांब, पितळेचा, डोक्यात घातला तर माणूस आडवा होईल असा.

"बत्ता."

"मेट्रोत कशाला पाहिजे?"

याचं उत्तर लांबलचक होतं. पहाटे पाचला उठून सहाच्या ऑफिस बसने मिहानमधली कंपनी, मग कानाला हेडफोन लावून विमानाच्या सुट्या भागांविषयी जगभरच्या लोकांच्या तक्रारी... एवढं सगळं सांगून वर बत्त्यापर्यंत यायचं म्हणजे आणखी एक शिफ्ट झाली असती.

"मसाला कुटाचा बत्ता आहे जी थो," माझ्या मागून आवाज आला. "त्याच्यानं आजपर्यंत फक्त विलायचीच मेली असंल."

मी वळून पाहिलं. उंच, सडपातळ, चाळिशीला बराच अवकाश असलेला एक माणूस. खांद्यावर गोणपाटाची पिशवी आणि त्या पिशवीतून डोकावणारी देवळातली भलीमोठी घंटा. बाईंनी त्या घंटेकडे पाहिलं, माझ्या बॅगेतल्या खलाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग दोघांनाही सोडून दिलं.

गाडीत तो माझ्या शेजारीच बसला. त्याची नखं काळपट होती, हात मात्र स्वच्छ धुतलेले. थोडा वेळ गेला आणि त्याला राहवेना.

"पाहू का जी, खल?"

मी दिला. त्याने तो फिरवून पाहिला आणि एकदम चेहरा वाकडा केला, जणू त्यालाच लागलं.

"चिंच?"

"हो."

"मीठ?"

"हो."

"राख?"

"चाळून घेतलेली."

"अन् तारेची घासणी?"

मी उगीच बॅगेची चेन लावून घेतली.

"अहो, हा खल आहे का चोर आहे? एवढा मार!"

एरवी मी चिडले असते. पण चिडायलाही पोटात काही लागतं, आणि माझा डबा सकाळी घाईत ओट्यावरच राहिला होता. मी खिडकीला डोकं टेकवलं. तो खलाच्या पोटावरची अक्षरं वाचू लागला. वरची ओळ त्याने बोटाने चाचपली, खालची लगेच वाचली.

"आर्यन, भैरवी. भैरवी तुमी? अन् हे मिस्टर..."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे झाले नाहीत. म्हणूनच इतवारीच्या बाजारात चाललेय, भांड्यांच्या गल्लीत, भांडे ओळीत. बफिंगच्या मशीनवर धरायचं आणि ते नाव पुसून टाकायचं. सांगून झालं, आता द्या तो खल."

त्याने दिला नाही. उज्ज्वल नगर स्टेशन येईपर्यंत तो खल उजेडाकडे तिरपा धरून पाहत राहिला. मग त्याने खल माझ्या मांडीवर ठेवला आणि वरच्या ओळीवर बोट टेकवलं.

"मशीनवर खालचं जाईल जी. पण त्याच्या पहिले हे वरचं जाईल. खालचं मशीननं खोल कापलं आहे, वरचे हातानं पाडलेले ठिपके आहेत. उथळ. अर्धं तं तुमीच घालवलं. वाचा बरं, काय लिहिलं आहे?"

मला वाचायची गरज नव्हती. पाठ होतं. 'चि. भैरवीस, दहावी पास, बाबा.' पण मी वाकून पाहिलं, तर तिथे 'दहावी'चा फक्त 'द' होता आणि 'बाबा' होते हे माहीत होतं, म्हणूनच दिसत होते.

साडेतीन वर्षं मी दर शनिवारी त्या खलाला घासत होते. एकदाही वरच्या ओळीकडे पाहिलं नव्हतं.

माझ्या बाबांना, कृष्णकांतरावांना, एक खोड होती. पाटबंधारे खात्यात कारकून होते, आणि सासुरवाडी भंडाऱ्याची. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. घरात माझं काही झालं की ते पुढच्या खेपेला तिथून एक पितळी भांडं आणायचे आणि तिथल्या एका म्हाताऱ्याकडून छिन्नीने ठिपके पाडून त्यावर ओळ घालून घ्यायचे. 'पहिला दात.' 'पाऊल टाकलं.' 'शाळेत रडली नाही.' 'गोवर बरी झाली.' लोकांच्या मुलींना बक्षिसं मिळतात, मला गोवर बरी झाल्याबद्दल पितळेचा गडू मिळाला. नोकरी लागली तेव्हा समई आली. अशी नऊ भांडी.

आर्यनशी लग्न ठरलं तेव्हा बाबांनी आनंदाच्या भरात नऊच्या नऊ भांडी उचलली आणि एका मशीनवाल्याकडून दुपारभरात सगळ्यांवर 'आर्यन – भैरवी' कापून आणलं. लग्नाला आठ दिवस असताना आर्यनचा पुण्याहून फोन आला. त्याचं मन नव्हतं म्हणे, सहा महिन्यांपासून नव्हतं. सहा महिने तो रोज 'जेवलीस का' विचारत होता.

त्यानंतर दीड वर्षाने बाबा गेले. भांडी राहिली. बाबांची म्हणून टाकवत नव्हती आणि त्याचं नाव आहे म्हणून बघवत नव्हती. आई, म्हणजे यमुताई, ती दर शनिवारी चिंच भिजवून बसायची. तिचे गुडघे गेल्यावर घासणं माझ्याकडे आलं. ती स्टुलावर बसून सांगायची, "तिथं जोर लाव वं, त्याच्या नावावर." आणि मी लावायची. आठवड्याचा सगळा शीण, सगळा राग अंगठ्यात आणून लावायची. त्याचं नाव खोल होतं, ते ढिम्म हललं नाही. वरच्या बाबांना मात्र माझाच अंगठा लागत होता.

हे सगळं मला मेट्रोत कळलं, एका अनोळखी माणसाशेजारी. डोळे भरून आले. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं आणि घंटेची पिशवी उगीच नीट करत बसला. त्याबद्दल मी त्याची तेव्हापासून ऋणी आहे.

"काही होईल का?" मी विचारलं.

"होईल की. माझं नाव मोरेश्वर. भांडे ओळीतच दुकान आहे आमचं. चला."

दुकान म्हणजे आठ फुटांचा गाळा होता. दारात त्याचे वडील रामाजी बसले होते, कानाने कमी ऐकणारे आणि म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलणारे. त्यांनी खल हातात घेतला आणि खालची ओळ पाहून जीभ चावली.

"लग्नाच्या पहिले नाव घातलं? आमच्याकडे नाही घालत गा बाप्पा! नवरदेवाचं नाव अक्षता पडल्यावर. गिऱ्हाईक आलं तं सांगतो, जागा सोडून ठेवतो, अक्षता पडल्या की येजा."

"बाबा, हळू," मोरेश्वर म्हणाला. समोरच्या दुकानातली दोन माणसं माझ्याकडे बघू लागली होती.

त्याने भिंग लावून काम समजावलं. मशीन चालायचं नाही. खालच्या खोल अक्षरांत पितळेचा डाख भरायचा, म्हणजे धातू वितळवून खाच बुजवायची, आणि मग बारीक कानशीने हाताने सपाट करायचं. वरच्या ठिपक्यांना हात लावायचा नाही. शेवटी वरून लॅकरचा पातळ थर, म्हणजे परत घासायचं नावच नको.

"तुमचंही नाव जाईल जी खालचं. चालंल?"

"वर आहे ना, बाबांच्या ओळीत."

"हो, थे आहे." त्याने भिंग खाली ठेवलं. "पण हाताचं काम आहे. सगळे एकदम नका आणू. दर शनिवारी एक आणा. घरी चिंच बंद, घासणी बंद. नुसतं मलमलच्या कपड्यानं पुसजा."

मी हो म्हटलं. पुढच्या आठ शनिवारांचा तरी निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतला होता, मला तेवढंही पुरेसं होतं.

घरी आईला सांगायचं मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी शनिवारचं घासणं राहिलं म्हणून ती स्वतःच चिंच भिजवायला लागली, तेव्हा सांगावं लागलं. तिने गडू घेतला, चष्मा लावला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मीच सांगत होती तुले, जोर लाव म्हणून," ती म्हणाली. "त्या पोराचं नाव जाईना, अन् यांचं गेलं."

ती रडली नाही. तिने चिंचेचा गोळा डब्यासकट कचऱ्यात टाकला आणि मग दहा मिनिटांनी परत काढला, कारण वरणाला लागते. शनिवारी सकाळी गडू जुन्या मलमलीत गुंडाळून तिने माझ्या बॅगेत ठेवला होता.

"गोवर?" मोरेश्वर ओळ वाचून हसला. "याच्यावर भांडं?"

"बाबा खूप घाबरले होते म्हणे."

"अन् तुमी?"

"मी चार वर्षांची होते. मला फक्त आठवतं, घरात कडुलिंबाचा वास होता आणि बाबा रात्रपाळी करत असल्यासारखे माझ्या उशाशी बसायचे."

"अच्छा." त्याने गडू हळूच खाली ठेवला, जणू आत कोणी झोपलंय. "बसा ना. उभ्या काहून?"

एक स्टूल होतं, तीन पायांचं, किंचित डुगडुगणारं. मी बसले. चहा आला. त्याच्या कानशीचा खरखर आवाज, पंख्याचा आवाज, रामाजींचं ओरडणं... आणि मला एकदम जाणवलं की सोमवारपासून मी पहिल्यांदा विनाकामाची बसलेय. ऑफिसात बसते ती कामाला, बसमध्ये बसते ती पोचायला. इथे माझ्याकडून कोणाला काहीही नको होतं.

"तुमी झोपून राहिल्या का जी?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"नाही... डोळे मिटले होते."

"मंग मिटा. मी आवाज कमी करतो."

असे शनिवार सुरू झाले. एक भांडं न्यायचं, आधीचं आणायचं. दर वेळी तो ओळ वाचायचा आणि तिचा किस्सा मागायचा. 'शाळेत रडली नाही' वाचून तो म्हणाला, "हे खरं नाही वाटत."

"का?"

"तुमच्याकडे पाहून."

"मी काय रडकी दिसते?"

"नाही. थांबवून ठेवल्यासारख्या दिसता."

मी चहाचा पेला तोंडाला लावला, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते. खरं म्हणजे त्या दिवशी शाळेत मी नाही, बाबा रडले होते. फाटकाबाहेर उभे राहून. हे मी त्याला पुढच्या शनिवारी सांगितलं आणि तो इतका मनापासून हसला की कानशी हातातून पडली.

पितळेचंही तो सांगायचा. धुवायचं तर रिठ्याच्या कोमट पाण्याने, लगेच कोरडं करायचं, ओलं भांडं कपाटात गेलं की हिरवं चढतं. रोज चमकवायची गरजच नसते. "पितळ काळं पडते म्हणजे मरते थोडंच? जरा आराम करते," तो म्हणाला. मी म्हटलं, मलाही सांगा असं कोणीतरी. तो माझ्याकडे पाहत राहिला, जरा जास्तच वेळ. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. माझ्याही झाल्या असणार, पण मला त्या दिसत नव्हत्या, एवढंच बरं होतं.

पाचव्या शनिवारी पाऊस आला. परतीचा, अवेळी, भांडे ओळीतल्या सगळ्या ताडपत्र्या फडफडवणारा. दारात टांगलेली भांडी थेंबांनी वाजू लागली, गाळा अंधारला. तो तांब्यावर लॅकर मारायला बसला होता, त्याने ब्रश खाली ठेवला.

"आज नाही जमत जी. हवा ओली असली की लॅकर दुधासारखं पांढरं पडते."

"मग?"

"मंग थांबा लागंल."

आम्ही थांबलो. शिंतोडे आत येत होते म्हणून मी स्टूल मागे सरकवलं, आणखी मागे सरकायला जागाच नव्हती, माझा खांदा त्याच्या दंडाला लागला. दोघांपैकी कोणीच बाजूला झालं नाही. रामाजी दारातून ओरडले, "मोऱ्या, पाणी आत येऊन राहिलं का?"

"नाही बाबा," तो म्हणाला. पाणी चांगलं त्याच्या चपलेपर्यंत आलं होतं.

त्या दिवशी मी भिजून घरी गेले. आईने टॉवेल दिला आणि विचारलं, "हसून काहून राहिली?" मी म्हटलं, हसत नाहीये.

आणि मग आठवा शनिवार. मी समई घेऊन गेले तर मोरेश्वर दुकानात नव्हता, घंटा बसवायला खापरीच्या देवळात गेला होता. रामाजींनी समई घेतली, उलटसुलट पाहिली.

"किती राहिले पोरी आता?"

"हे आठवं. आणखी एक."

"काय एक एक आणून राहिली तू? नऊ भांड्याचं काम तं दोन दिवसाचं! थो मोऱ्या सगळे एकदम काहून नाही घेत?"

ते नेहमीच्या आवाजात बोलले होते, म्हणजे अर्ध्या भांडे ओळीने ऐकलं. मी बॅग उचलली, समई तिथेच राहिली. "दोन दिवसांचं?"

"नाही तं काय! डाख भराले किती वेळ लागते?"

मी बाहेर पडले. चितार ओळीच्या स्टेशनपर्यंत कशी चालले, आठवत नाही. मला मोरेश्वरचा राग आला होता, पण त्याहून जास्त मी थकले होते. पुन्हा एक माणूस. पुन्हा मनात एक, तोंडावर एक. सहा महिने 'जेवलीस का' आणि आता आठ आठवडे 'हाताचं काम आहे जी'. एकदा पोळल्यावर ताकही फुंकून प्यावं म्हणतात, आणि मी चहावर चहा पीत बसले होते. तेही हसत.

पुढच्या आठवड्यात त्याचे चार फोन आले. मी घेतले नाहीत. शनिवारी ऑफिसातून सरळ घरी आले आणि खोलीचं दार लावून पडले. आईने दार ढकललं.

"भांडं न्यायचं नाही?"

"नाही. तो खोटं बोलला, आई. सगळ्यांचं मिळून दोन दिवसांचं काम होतं."

"हो," आई म्हणाली. "तेवढंच असते."

मी उठून बसले.

"अवं, मी भंडाऱ्याची. कासार गल्लीत लहानाची मोठी झाली. डाखाले किती वेळ लागते, मले माहीत नाही काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काहून बोलू? तुझ्या बॅगेत एकेक भांडं मीच ठेवत होती ना. एखाद्या शनिवारी दोन ठेवू शकत होती. नाही ठेवले." ती पलंगाच्या कडेवर गुडघा सावरत बसली. "हे गेल्यापासून तू घरी येते, जेवते, झोपते. शनिवारी तेवढी हसत येत होती."

"पण खोटं ते खोटंच ना?"

"आहेच. पण त्या आर्यननं खोटं बोलून तुले अर्ध्यात सोडलं. हा खोटं बोलून तुले घडीभर बसवत होता. काहून, हे त्यालेच विचार. दार लावून काय समजते?"

मी त्या दिवशी गेले नाही. मला राग सोडायचा नव्हता, राग असला की उभं राहता येतं. पण पुढच्याच शुक्रवारी धनत्रयोदशी होती. ऑफिस दुपारी सुटलं आणि मी घरी आले तेव्हा आई तयार बसली होती, मांडीवर मलमलीची छोटीशी गुंडाळी. नववं भांडं. 'पहिला दात'ची वाटी, सगळ्यांत जुनी. ती तिने शेवटपर्यंत दिली नव्हती.

"याच्यावर यांचं काही राहिलं आहे का, तेवढं पाहून ये," ती म्हणाली. "बाकी तुझं तू पाह्य."

धनत्रयोदशीला भांडे ओळीत पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येकाला आजच काहीतरी घ्यायचं असतं, चमचा तरी. मोरेश्वर गिऱ्हाइकांच्या गराड्यात होता. मला पाहिलं आणि त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ज्या बाईंनी तो मागितला होता त्यांनी दोनदा हाक मारली.

मी वाटी पुढे केली. त्याने भिंग घेतलं आणि दिव्याखाली बराच वेळ पाहिलं.

"'दा' आहे जी. अन् बाबाचा एक 'ब'. बाकी काही राहिलं नाही."

"नव्याने ठिपके पाडता येतील?"

"येतील. जुन्यासारखेच. कोणाले समजणार पण नाही."

"आईलाही नाही?"

"त्यांनाही नाही." त्याने वाटी माझ्या तळहातावर ठेवली. "पण थे माझे ठिपके असतील. तुमच्या बाबानं पाडून घेतलेले नाही. मले विचारसान तं, दोन अक्षरं आहेत थे राहू द्या. खालचं नाव बुजवतो, वरून लॅकर मारतो, आता याच्याउपर काही जाणार नाही."

सहज हो म्हणू शकला असता. आई खूश झाली असती, मी खूश झाले असते, कोणालाच कळलं नसतं. मी वाटीकडे पाहत होते, आणि दोन आठवडे घट्ट धरून ठेवलेला राग हातातून सुटू लागला, ते मला कळत होतं.

"एवढं खरं बोलता येतं," मी म्हटलं, "तर दोन दिवसांचं काम नऊ आठवडे का केलं?"

त्याने मागे पाहिलं. रामाजी गल्ल्यावर होते. गिऱ्हाइकं कान देऊन उभी होती.

"इथंच सांगू?"

"इथंच."

"पहिल्या दिवशी तुमी मेट्रोत बसल्या ना जी..." तो अडखळला. "तुमच्याकडे पाहून मले वाटलं, या बाईनं कितीक दिवसांत टेकलंच नाही कुठी. सगळे नऊ आणा म्हणलो असतो तं नऊ आणले असते, नऊ नेले असते. अन् मंग? मी म्हणलं, दर शनिवारी अर्धा तास तं बसतील. पहिले दोन शनिवार तेवढंच होतं, खरंच. मंग..."

"मग काय?"

"मंग मलेच शनिवारची वाट पाहा लागली. सोमवारपासून." त्याचे कान लाल झाले होते. "सांगायचं होतं. पण तुमी एवढ्या दमलेल्या. म्हणलं, त्यात आणखी माझं एक ओझं... चूक झाली जी. मले तुमी आवडता. हे खरं आहे. अन् खोटं बोललो, हेही खरं आहे."

गराड्यातली एक आजीबाई म्हणाली, "बाप्पा!" रामाजी तिकडून ओरडले, "काय म्हणते थो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला रडू येत होतं आणि मी थांबवलं नाही. डोळे पुसले, आणि समोरच्या फळीवरून एक साधं पितळेचं फुलपात्र उचललं. कोरं.

"हे घ्यायचंय. आज घ्यायचंच असतं ना काहीतरी. आणि यावर ओळ घालून द्या. हाताने."

त्याने छिन्नी काढली. "काय घालू?"

बाबा काय करायचे? त्या दिवशी घरात जे झालं, ते लिहायचे. दात आला तर दात, गोवर गेली तर गोवर.

"घाला," मी म्हटलं, "'मोरेश्वर खरं बोलला.' आणि पुढे, 'भैरवीकडून.'"

त्याने मान वर केली नाही. टक, टक, टक... एकेक ठिपका पडत गेला. गिऱ्हाइकं थांबून होती, कोणी कुरकुरलं नाही. ओळ त्याने अगदी काठाजवळ घातली आणि खाली फुलपात्राचं सगळं पोट मोकळं ठेवलं.

"खाली एवढी जागा?"

"आमच्याकडे पद्धत आहे जी," तो छिन्नी पुसत म्हणाला. "नाव मागून घालतो. अक्षता पडल्यावर."

"आणि नाही पडल्या तर?"

"तं मोकळी राहील. घाई नाही."

मी ते तीन पायांचं स्टूल गर्दीतून ओढून घेतलं आणि बसले. पाय इतके दुखत होते की बसल्यावर कळलं. त्याने फुलपात्र जवळ घेऊन लॅकरची बाटली उघडली, ब्रश बुडवला.

"दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "खरंच दोन मिनिटांचं. हवा पण कोरडी आहे आज. मारून देतो?"

"नको," मी म्हटलं. "पुढच्या शनिवारी मार."